तापाचा माग

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की, ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावर वसलेल्या नवी मुंबईचे रूप पालटून जाते. पारसिकच्या डोंगरावरून ओहोळ धावू लागतात आणि धारण तलाव भरतात. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी शहरात तुंबू नये, म्हणून ते या तलावांत काही काळ साठविले जाते. या पाण्यावर नगराची नजर असते. ज्याची कोणालाच आठवण नसते, ते पाणी अधिक घातक. गच्चीवरील फुटका डबा, कुंडीखालची बशी, झाकण निसटलेली टाकी, बांधकामावरील हौद यांतील ओंजळभर पाण्यात डास वाढतात आणि हिवताप व डेंग्यू घरोघर शिरतात.

हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे दाखवून दिले. पुढे डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचा कसून शोध घेतला. शहरातील विहिरी आणि हौद हेच डासांचे माहेरघर आहे, असे त्यांच्या १९११ च्या अहवालाने सिद्ध केले. विहिरी झाकण्याचे व बुजविण्याचे काम सुरू झाले. परंतु अनेकांच्या मनात विहिरीविषयी पूज्यभाव होता, त्यामुळे विरोधही झाला. रोगाचे मूळ सापडले, तरी लोकांची साथ मिळाल्यावाचून ते उपटता येत नाही, हाच त्याचा बोध.

नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि १९९२ मध्ये येथे महानगरपालिका आली. शहर अजूनही वाढतच आहे. दूरदूरच्या प्रांतांतून मजूर येथे येतात आणि अर्धवट इमारतींच्या आश्रयाने राहतात. त्यांच्यापैकी एखाद्याला थंडी वाजून ताप भरला, तर बहुधा तो अंगावर काढतो. कारण एका दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची चूल बंद!

परंतु हा ताप त्याच्या एकट्याचा राहत नाही. त्याला चावलेल्या डासाच्या शरीरात जंतूंची वाढ होण्यास सुमारे दहा-बारा दिवस लागतात. त्यानंतर तो डास इतरांस रोग देऊ लागतो. तेवढ्या अवधीत रोगी सापडला पाहिजे आणि डासांचे स्थानही हाती लागले पाहिजे. म्हणूनच आरोग्यसेविका दारोदार हिंडून तापाची चौकशी करते व बोटातून रक्ताचा थेंब घेते. रोग निश्चित झाला की, रोग्यास औषध मिळते, नोंदवहीत पत्ता लिहिला जातो आणि आसपासच्या घरांतील पाणी तपासले जाते. शंभर घरांपैकी किती घरांत डासांच्या अळ्या आढळल्या, यावरून कोणत्या वस्तीवर संकट येऊ घातले आहे, ते आधीच ओळखता येते.

एवढे करूनही एखादे दार ‘आमच्याकडे कोणी आजारी नाही’ असे म्हणून बंद होते. त्या बंद दाराआडच्या टाकीतून निघालेला डास मात्र शेजाऱ्याचे दार ठोठावीत नाही!

अंड्यातून पूर्ण डास होण्यास साधारणतः आठवडा लागतो; यास्तव आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळावयाचा असतो. त्या दिवशी भांडी नुसती रिकामी करून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडांना चिकटतात व कोरडी असूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून भांडी घासूनच काढावी लागतात.

नगराचे आरोग्य केवळ रुग्णालयात राखले जात नाही. वेळेवर सांगितलेला ताप, उघडलेले दार आणि घासलेला हंडा यांनीच ते राखले जाते.

शब्दार्थ : अंगावर काढणे – आजाराकडे दुर्लक्ष करून काम करीत राहणे, खाडा – गैरहजेरी, यास्तव – म्हणून.

स्वाध्याय
१. मजूर ताप अंगावर का काढतो? त्याचा परिणाम कोणास भोगावा लागतो?
२. ‘कोरडा दिवस’ आठवड्यातून एकदा का पाळावा?
३. तुमच्या घराभोवती पाणी कोठे कोठे साचते, याची यादी करा.