हीट प्रेसवरील छपाई : दोषांचे निदान व कटरच्या मापाची निवड

कोलकाता हे फुटबॉलप्रेमी शहर. मोहन बागान (१८८९) आणि ईस्ट बंगाल (१९२०) या क्लबांच्या परंपरेत वाढलेल्या या शहरात गल्लीतील संघालाही जर्सीवर नाव व क्रमांक हवा असतो. शहरातील मेटियाबुर्ज हे तयार कपड्यांचे मोठे केंद्र आहे. अशा ठिकाणी साध्या जर्सीवर नाव-क्रमांक छापून देणे हा थोड्या भांडवलाचा व्यवसाय होय. मात्र सामन्याच्या आदल्या दिवशी आकडे सुटू लागले, तर जर्सीची किंमतही व्यावसायिकालाच सोसावी लागते आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून दोषाचे कारण ओळखणे व यंत्राचे माप नेमके ठरवणे, या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

दोष व उपाय

१. कडा सुटणे : उष्णता, दाब किंवा वेळ अपुरी पडल्याचे हे लक्षण होय. व्हिनाइलला सामान्यतः १५० ते १६० अंश सेल्सिअस तापमान व १० ते १५ सेकंद लागतात. तथापि उत्पादकाची सूचना प्रमाण मानावी. कोलकात्याच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत सुती कापड ओलावा धरते. ते आधी ३ ते ५ सेकंद दाबून कोरडे करावे.

२. एकच कोपरा सुटणे : दाब असमान असतो. प्रेस थंड असताना चारही कोपऱ्यांत कागदाच्या पट्ट्या ठेवून ती बंद करावी. जी पट्टी सहज ओढली जाते, तेथे दाब कमी समजावा. शिवण किंवा बटण मध्ये येत असल्यास कापडाखाली फोमची उशी ठेवावी.

३. पांढरा आकडा गुलाबी होणे : लाल पॉलिएस्टरचा रंग उष्णतेने आकड्यात उतरतो. त्यासाठी कमी तापमानाचे, रंगरोधक व्हिनाइल वापरावे.

४. सब्लिमेशनची छपाई धुण्यात फिकी पडणे : ही शाई पॉलिएस्टरवरच टिकते, सुती कापडासाठी ती योग्य नाही.

चाचणी त्याच कापडाच्या तुकड्यावर घ्यावी व एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अन्यथा खरे कारण कळत नाही.

कटरचे माप

कपड्यांसाठीच्या व्हिनाइलचा रोल बहुधा ५० सेंमी रुंद असतो. ३० सेंमीच्या कटरसाठी तो उभा चिरावा लागतो. ११ सेंमी रुंदीचे आकडे कापायचे असल्यास ३० सेंमीच्या पट्टीत दोन व उरलेल्या २० सेंमीत एक, असे तीनच बसतात. ६० सेंमीच्या कटरवर अखंड रोलमध्ये चार बसतात. याहून मोठा कटर दुकानांच्या पाट्या करणाऱ्यास उपयोगी. केवळ जर्सी छापणाऱ्यास नव्हे, कारण ३८ सेंमीच्या प्रेसवर त्याहून मोठी आकृती एका दाबात उमटत नाही. मोजक्याच मागण्या असतील, तर ३० सेंमीचा कटरही पुरेसा होतो.

कर्जाचा विचार

२०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत व 'किशोर' गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. दरपत्रक घेताना यंत्राबरोबरच व्हिनाइल, चाचणीत वाया जाणारे कापड आणि स्वतंत्र वीजजोडणी यांचाही खर्च धरावा. महिन्याच्या निश्चित मागणीवर माप ठरवले, तर हप्ता यंत्राच्याच कमाईतून फिटू शकतो.