अस्वलाच्या चरबीतील विष

उत्तर ध्रुवाभोवतीच्या गोठलेल्या समुद्रावर ना शेती आहे, ना कारखाने. तरीही तेथील पांढऱ्या अस्वलांच्या चरबीत दूरच्या देशांतील रसायने सापडतात. विशेष म्हणजे ती सर्वत्र सारखी नसतात.

पूर्व ग्रीनलंड आणि नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह येथील अस्वलांत पीसीबी या रसायनांचे प्रमाण अलास्कातील अस्वलांपेक्षा बरेच अधिक आढळले. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधील तेलात पीसीबी वापरले जात असे. अमेरिकेने १९७९ मध्ये त्याच्या उत्पादनावर बंदी घातली. परंतु हे रसायन सहजासहजी नष्ट होत नाही. उष्ण प्रदेशात त्याची वाफ होते, वाऱ्याबरोबर ती उत्तरेकडे जाते आणि थंडीत खाली उतरते. ग्रीनलंड व स्वालबार्डकडे येणारे वारे युरोप आणि अमेरिकेच्या औद्योगिक पट्ट्यांवरून येतात. पाण्यातील सूक्ष्म जीव, मासे, सील आणि शेवटी अस्वल या क्रमाने चरबीतील विष वाढत जाते. अस्वलाची मादी गुहेत उपाशी राहून पिल्लांना पाजते, तेव्हा तिच्या चरबीत साठलेले विष दुधावाटे पिल्लांच्या पोटात जाते.

अलास्काच्या बाजूला मात्र एचसीएच या कीटकनाशकाचा एक प्रकार अधिक आढळला. महाराष्ट्रातील जुन्या शेतकऱ्यांना हे नाव अनोळखी वाटेल, पण ‘बीएचसी पावडर’ म्हटले की ओळख पटेल! चीन आणि भारत या देशांनी ही भुकटी फार मोठ्या प्रमाणावर वापरली. चीनने १९८३ मध्ये, तर भारताने १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आणली. त्यानंतर हवेतील प्रमाण लवकर घटले. परंतु तिचा बीटा हा प्रकार हवेपेक्षा पाण्यात अधिक राहतो. पावसाबरोबर तो प्रशांत महासागरात उतरला आणि प्रवाहाबरोबर बेरिंगच्या सामुद्रधुनीतून संथपणे उत्तरेकडे सरकत राहिला.

दक्षिण ध्रुवाकडील पेंग्विनांच्या शरीरातही १९६० च्या दशकात डीडीटी सापडले. तेथील प्रमाण तुलनेने कमी असते, कारण जगातील बहुतेक कारखाने आणि लोकवस्ती उत्तर गोलार्धात आहे.

उत्तरेकडे माणसेही सील आणि देवमासा खाऊन जगतात. कॅनडातील नुनाविक भागात १९८० च्या दशकात इन्युइट मातांच्या दुधाची तपासणी झाली. त्यात दक्षिण क्वेबेकमधील मातांच्या दुधापेक्षा सुमारे पाचपट पीसीबी निघाले. ज्यांनी हे रसायन कधी बनवले नाही, त्यांच्याच बाळांच्या वाट्याला ते आले. शिकारीचे अन्न सोडावे, तर दूरवरून आणलेले अन्न महाग आणि पुष्कळदा निकस. स्तनपान थांबवू नये, असेच तज्ज्ञांनी मातांना सांगितले.

२००१ मध्ये स्टॉकहोम येथे या रसायनांविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने त्याला २००६ मध्ये मान्यता दिली. बीटा एचसीएचचा समावेश करारात २००९ मध्ये झाला. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधील पीसीबीची सुरक्षित विल्हेवाट लावण्यासाठी करारात २०२८ ची मुदत ठरवली आहे.