‘महिन्याला किती जमेल?’

अमेरिकेत आल्यावर सुरुवातीचे आठवडे उबर, ऑफिसातले सहकारी आणि मंडळातल्या ओळखीपाळखीवर निघून जातात. मग थंडी पडते किंवा मुलांची शाळा सुरू होते, आणि गाडीवाचून पान हलत नाही. न्यू जर्सी, टेक्सस आणि कॅलिफोर्नियात बरीच वर्षं काढलेल्या घरांना आम्ही विचारलं, की पहिली गाडी घेताना कोणी काय सांगायला हवं होतं. उत्तरं तऱ्हेतऱ्हेची आली, पण एका बाबतीत एकमत होतं. सेल्समन गार पाण्याची बाटली हातात देऊन विचारतो, “महिन्याला किती जमेल?” त्याचं उत्तर द्यायचं नाही.

कारण त्या एका आकड्यात गाडीची किंमत, व्याजाचा दर आणि मुदत असं सगळं कालवलेलं असतं. तुम्ही ‘पाचशे’ म्हणालात, की कुठलीही गाडी पाचशेत बसवून देणं त्याच्या डाव्या हातचा मळ आहे. ३०,००० डॉलरचं कर्ज ६ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता ५८० डॉलर येतो आणि एकूण व्याज सुमारे ४,८०० डॉलर. तेच कर्ज सहा वर्षांचं केलं की हप्ता ४९७, आणि सात वर्षांचं केलं की ४३८. व्याज मात्र ६,८०० डॉलरवर जातं. हप्ता उतरला म्हणून आपण खूश, आणि सातव्या वर्षी आपण याच देशात असू की नाही तेही ठाऊक नसतं.

तेव्हा गाडीचा भाव, कर्ज आणि विमा हे तीन वेगळे सौदे समजा. त्यातले दोन शोरूमची पायरी चढण्याआधीच, घरी बसून, निम्मेअधिक उरकता येतात.

आधी कर्ज. इथला क्रेडिट स्कोर ३०० ते ८५० मध्ये मोजतात. नव्याने आलेल्याचा स्कोर वाईट नसतो, तो नसतोच. पुण्यात गृहकर्जाचा एकही हप्ता चुकवला नाही, सिबिल उत्तम आहे, ही फुशारकी इथे बहुतेक ठिकाणी कामाची नाही. आल्याआल्या एखादं क्रेडिट कार्ड घ्या, ठेव ठेवून मिळणारं असलं तरी चालेल, आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरा. सहाएक महिन्यांत स्कोर उभा राहतो. तोवर थांबणं शक्य नसेल, तर आपल्या कंपनीशी किंवा गावाशी जोडलेल्या क्रेडिट युनियनमध्ये आधी विचारा. काही कर्जदाते, त्यात गाडी बनवणाऱ्या कंपन्यांच्या वित्तसंस्थाही आल्या, क्रेडिटचा इतिहास नसलेल्या पण पक्की नोकरी असलेल्यांना उभं करतात. ते ऑफर लेटर, पगाराच्या पावत्या, पासपोर्ट, आय-९४ आणि व्हिसाच्या मंजुरीचा कागद मागतात. पुष्कळदा कर्जाची मुदत व्हिसाच्या मुदतीपलीकडे जाऊ देत नाहीत. लोकांना हा अपमान वाटतो. आम्हाला तर ती फुकटात मिळालेली शिस्त वाटते.

दोन-तीन ठिकाणी अर्ज केल्याने स्कोर कोसळेल ही भीती मनातून काढा. वाहनकर्जाच्या सगळ्या चौकशा चौदा दिवसांच्या आत झाल्या, तर स्कोरच्या हिशेबात त्या एकच धरल्या जातात. कुठूनही मंजुरीचं पत्र मिळालं, की ते खिशात ठेवूनच शोरूममध्ये जा. ते आधी दाखवायचं नाही. डीलर तुमच्यासाठी बँकेकडून दर मागवतो तेव्हा बँक त्याला ६ टक्के सांगते आणि तो तुम्हाला ८ सांगू शकतो. मधला फरक त्याचा, आणि हे कायद्याला धरून आहे. वर धरलेल्या पाच वर्षांच्या कर्जावर या दोन टक्क्यांनी महिन्याला फक्त २८ डॉलर वाढतात, म्हणून ते डोळ्यांत येत नाहीत. सगळे मिळून होतात साधारण १,७०० डॉलर. हाती पत्र असलं, की ‘याहून कमी दर देता का?’ एवढंच विचारायचं. कधी कधी तो खरंच देतो. कंपनीची शून्य किंवा दोन टक्क्यांची जाहिरात असेल तर ती जरूर विचारा, पण ती बहुधा उत्तम स्कोरवाल्यांसाठी असते, आणि ती घेतली की रोख सवलत जाते. दोन्हींचा हिशेब मांडून मगच निवडा.

आता भाव. नव्या गाडीच्या काचेवर कंपनीच्या किमतीचा कागद चिकटवलेला असतो. १९५८ च्या कायद्याने तो सक्तीचा आहे, आणि तो कायदा आणणाऱ्या मन्रोनी नावाच्या सिनेटरवरून त्याला ‘मन्रोनी स्टिकर’ म्हणतात. मूळ किंमत, जोडलेल्या सोयी, कारखान्यापासून इथवर आणण्याचा खर्च असं सगळं त्यावर असतं. त्याच्या शेजारी तसाच दिसणारा दुसरा कागद असेल तर सावध व्हा. तो डीलरचा स्वतःचा. टायरमध्ये नायट्रोजन, रंगावर संरक्षक थर, काचांवर नंबर कोरणं, आणि काहीच नसेल तर ‘बाजारभावानुसार वाढ’. यातलं जवळजवळ सगळं नाकारता येतं, फक्त ‘हे तर गाडीला लावूनच आलंय’ या वाक्याला दबायचं नाही.

भारतात आपण एक्स-शोरूम ऐकतो आणि ऑन-रोड मोजतो. इथे ऑन-रोडच्या जागी ‘आउट द डोअर’ भाव मागायचा, तोही ई-मेलवर, एकाच मॉडेलसाठी तीन-चार डीलरांकडे. कर, नोंदणी, कागदपत्रांची फी, सगळं धरून. या कागदपत्रांच्या फीची मोठी गंमत आहे. कॅलिफोर्नियात तिला ८५ डॉलरची मर्यादा आहे, न्यू यॉर्कमध्ये १७५ ची, आणि फ्लोरिडात मर्यादाच नाही, तिथे ती हजाराच्या आसपासही जाते. ‘ही फी सगळ्यांना सारखीच असते, कमी होत नाही’ असं सांगतील. ठीक आहे, मग गाडीची किंमत तेवढी कमी करा म्हणावं. विक्रीकर गाडी जिथे नोंदवणार त्या राज्याचा लागतो. म्हणून कर वाचवायला न्यू जर्सीहून डेलावेअरला जाण्यात अर्थ नाही.

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय अशा काही राज्यांत रविवारी गाड्या विकायला कायद्याने बंदी आहे. टेक्ससात शनिवार-रविवार यांपैकी एकच दिवस विक्री चालते, आणि बहुतेक जण रविवार बंद ठेवतात. आपल्याला हे सोयीचंच आहे. रविवारी सकाळी बंद शोरूमच्या आवारात निवांत फिरा, काचेवरचे कागद वाचा, फोटो काढा, मुलांचं कारसीट मागे मावेल का याचा अंदाज घ्या. मागे लागायला कोणी नसतं.

मुहूर्ताबद्दलही सांगायला हवं. दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी घरी यावी ही इच्छा आमचीही असते, नारळ-लिंबाचं सगळं पार्किंगमध्ये यथासांग होतं. पण ‘गुरुवारीच हवी, आईने दिवस काढलाय’ हे सेल्समनला सांगू नका. भारतीय वस्तीतल्या डीलरांना दसरा म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असतं. भाव आठवडाभर आधी लेखी ठरवा आणि डिलिव्हरी मुहूर्तावर घ्या.

जुनी गाडी घेणार असाल तर काचेवरचा ‘बायर्स गाइड’ वाचा. त्यावर ‘ॲज इज’ या चौकटीत खूण असेल, तर बाहेर पडल्यावर इंजिन बसलं तरी दुरुस्ती तुमच्या खिशातून. गाडीचा इतिहास सांगणाऱ्या कारफॅक्स अहवालात नोंदवलेले अपघात दिसतात, न नोंदवलेले दिसत नाहीत. शंभर-दोनशे डॉलर देऊन बाहेरच्या मेकॅनिककडून गाडी तपासून घ्या. डीलर तपासू देत नसेल तर तेवढं उत्तर पुरे. आणि ‘तीन दिवसांत परत करता येते’ ही समजूत डोक्यातून काढा. डीलरकडे जाऊन घेतलेल्या गाडीला असा देशभर लागू असलेला कायदा नाही. एखाद्या राज्याने किंवा डीलरने दिली असेल तेवढीच सवलत.

भाव ठरला, हात मिळवले, की तुम्हाला वेगळ्या खोलीत नेतात. इथे बसलेला माणूस वित्तविभागाचा असतो, आणि सेल्समनपेक्षा कसलेला. तोवर तीन तास गेलेले, मुलं कंटाळलेली, भूक लागलेली. वाढीव वॉरंटी, सीटवरचं संरक्षण, सर्व्हिसचा करार, सगळं ‘महिन्याला फक्त अठरा डॉलर’ या भाषेत समोर येतं. वाढीव वॉरंटी आजच घ्यायला हवी असं नाही, मूळ वॉरंटी संपण्याआधी ती पुढेही मिळते. ‘सर्व्हिस आमच्याकडे केली नाही तर वॉरंटी जाईल’ हेही खोटं. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा तसं करू देत नाही, फक्त तेल बदलल्याच्या पावत्या जपून ठेवा. सही करण्याआधी करारातली चौकट बघा: वार्षिक दर, कर्जाची रक्कम, एकूण व्याज, एकूण फेड. कर्जाची रक्कम ठरलेल्या भावातून डाउन पेमेंट वजा करून येते त्याहून जास्त दिसली, तर काहीतरी घुसलंय.

कर्ज मंजूर व्हायच्या आधीच ‘चावी घ्या, आजच घेऊन जा’ म्हणणारेही असतात. मग आठवड्याने फोन येतो, की बँकेने नाकारलं, जास्त दराच्या करारावर सही करायला या. मंजुरी पक्की झाल्याशिवाय गाडी हलवू नका.

विम्याबद्दल आमच्या घरांमध्ये सर्वात जास्त पश्चात्ताप ऐकू आला. भारतात तो शोरूममध्येच उरकतो, इथे तो आपण आणायचा, आणि त्याशिवाय डीलर चावी देत नाही. दर शोरूमला जाण्याआधी काढा, कारण एकाच किमतीच्या दोन गाड्यांच्या विम्यात कधी कधी वर्षाला कित्येक शेकड्यांचा फरक पडतो. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाईत विम्याच्या दरासाठी क्रेडिट स्कोर बघत नाहीत, न्यू जर्सी-टेक्ससात बघतात. भारतातल्या ड्रायव्हिंगची वर्षं बहुतेक कंपन्या धरत नाहीत. तरी विचारा, एखादी धरते.

पॉलिसीवर ३०/६०/१५ असे आकडे दिसतात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ही किमान मर्यादा आहे: तुमच्या चुकीने जखमी झालेल्या एका माणसाला ३०,००० डॉलर, सगळ्यांना मिळून ६०,०००, आणि समोरच्याच्या मालमत्तेला १५,०००. टेक्ससात ३०/६०/२५. पंधरा हजारांत समोरच्याची नवी टेस्ला भरून निघत नाही, आणि इथल्या इस्पितळात एका शस्त्रक्रियेला तीस हजार पुरत नाहीत. वरचे पैसे तुमच्या पगारातून आणि बचतीतून मागितले जातात. म्हणून १००/३००/१०० च्या खाली जाऊ नका. फरक वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. पैसे वाचवायचेच असतील तर डिडक्टिबल, म्हणजे दाव्यात आपण स्वतः भरायची रक्कम, पाचशेवरून हजारावर न्या, आणि तो हजार बँकेत बाजूला ठेवा. विमा नसलेल्या वाहनाने धडक दिली तर उपयोगी पडणारं कलम काढून टाकू नका. हरिण आडवं आलं तर नुकसान ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’मधून मिळतं, ‘कोलिजन’मधून नाही. पेनसिल्व्हेनियाच्या नोव्हेंबरात हे कामाला येतं.

न्यू जर्सीत स्वस्त पर्याय म्हणून दावा करण्याच्या हक्कावर मर्यादा घालणारी खूण केलेली असते. ती घेतली, तर गंभीर इजा सोडून इतर वेळी वेदना-मनस्तापाची भरपाई मागता येत नाही. एजंट हे पटकन बोलून पुढे जातो, त्याला थांबवा. सहा महिन्यांसाठी आलेले बाबा अधूनमधून गाडी चालवणार असतील, तर त्यांचं नावही कंपनीला आधी कळवा.

डाउन पेमेंट थोडं असेल तर ‘गॅप’ विमा घ्यावा. गाडी मोडीत निघाली तर विमा कंपनी बाजारभाव देते, कर्ज त्याहून जास्त शिल्लक असू शकतं. तो डीलरऐवजी विमा कंपनीकडून बहुधा स्वस्त पडतो.

२०२५ ते २०२८ या वर्षांत, अमेरिकेत जुळणी झालेल्या नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होतं. एकट्याच्या एक लाख आणि जोडप्याच्या दोन लाख डॉलर उत्पन्नापुढे ही सवलत घटत जाते. गाडीच्या ओळख क्रमांकाचा (नंबरप्लेटचा नव्हे, ‘व्हिन’चा) पहिला अंक १, ४ किंवा ५ असेल तर ती अमेरिकेत बनलेली. मात्र पंचवीस-तीस हजारांच्या कर्जावर हा फायदा फार मोठा नाही, त्यासाठी महागडी गाडी घेऊ नका.

शेवटी तो विषय, जो गाडी घेताना कोणी काढत नाही. एच-वन-बी व्हिसावरची नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात, आणि कर्ज कुठेही जात नाही. अशा वेळी कर्जदात्याकडून आजची फेडीची रक्कम लेखी घ्या. मग जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या कारमॅक्ससारख्या ठिकाणी भाव काढा, तो सात दिवस टिकतो आणि उरलेलं कर्ज ते परस्पर फेडतात. भाव कर्जापेक्षा कमी आला तर फरक तुम्हाला भरावा लागेल, म्हणून डाउन पेमेंट जास्त करा हा आग्रह. डीलरकडून घेतलेली वाढीव वॉरंटी आणि गॅप रद्द करायला विसरू नका, न वापरलेल्या काळाचे पैसे परत मिळतात. कर्ज बाकी असेल तर ते आधी कर्जात वळते होतात. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमध्ये नंबरप्लेटा जमा करून पावती घ्या आणि त्यानंतरच विमा बंद करा. उलट क्रमाने केलंत तर दंडाची नोटीस इथल्या जुन्या पत्त्यावर येते, आणि तोवर तुम्ही पुण्यात असता.