नुसतं ब्लँकेट पुरत नाही

प्रश्न : दुकानासमोरच्या फुटपाथवर झोपणाऱ्यांना आम्ही ब्लँकेटं दिली, तरी ते पहाटे कुडकुडतात. इथे बर्फ पडत नाही. मग दहा अंशांत जिवाला धोका असतो का? दारूने ऊब येते, असं ते म्हणतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची मदत योग्यच आहे, फक्त अर्धी आहे. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया होतो. त्यासाठी बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा, रिकामं पोट आणि गार फरशी पुरेशी ठरते. फरशी रात्रभर उष्णता ओढून घेते, म्हणून पांघरुणाआधी अंगाखाली पुठ्ठ्यांचा जाड थर आणि गोणपाट द्या, डोक्याला कानटोपी. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब भासते, पण उष्णता बाहेर निसटते. बंदिस्त जागेत शेगडी पेटवणं तर त्याहून घातक, कारण कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही.

कुडकुडणं हा शरीराचा बचाव आहे. ते थांबून बोलणं अडखळू लागलं, गुंगी आली, तर लगेच १०८ला फोन करा. तोवर ओले कपडे काढून छाती, मान, डोकं गुंडाळा. हातपाय चोळू नका. पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम गोड चहा द्या.

‘निवारा असताना हे जात का नाहीत?’ असं कुणी विचारेल. शहरात लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच बजावलं आहे. पण कुटुंबाची ताटातूट, सामानाची चोरी, कामाच्या नाक्यापासूनचं अंतर ही कारणंही खरीच असतात. महापालिकेकडे चौकशी करून पत्ता सांगा. जबरदस्ती मात्र नको.