चढउतार असलेल्या लेकराची थेरपी : पैसे कुठे लागतात, कुठे वाचतात

काल अंगणवाडीत रमलेलं लेकरू आज मिक्सरच्या आवाजानं कान दाबून घेतं, अंगाला कपडा लागू देत नाही, येत असलेले शब्दही बोलत नाही. संवेदना आणि विकासाच्या अडचणींत असे चढउतार होतात. आठवडा चांगला गेला की आईबाप थेरपी थांबवतात आणि वाईट गेला की कोणी सांगेल तिथे पैसे भरतात. दोन्हींत मुलाचं नुकसान होतं. खर्चाचा निर्णय किमान महिनाभराच्या नोंदींवरून घ्या. बुलडाणा जिल्ह्यातल्या कुटुंबासाठी हिशेब असा :

तपासणी : मोफत
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. शंका असेल तर पथकाची वाट पाहू नका. आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला सांगा आणि बुलडाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप सेवेची चौकशी करा. मूल उशिरा बोलत असेल तर आधी कानांची तपासणी करून घ्या.

तपासणीच्या दिवशी मूल नेमकं शांत असू शकतं. म्हणून झोप, जेवण, आवाज, रडणं यांची रोजची वही ठेवा आणि कठीण वेळचे छोटे व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा.

प्रवास : सगळ्यात लपलेला खर्च
संग्रामपूर किंवा लोणारहून बुलडाण्याला यायचं तर अख्खा दिवस जातो आणि मजुरी बुडते ती वेगळीच. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धं तिकीट आहे. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी एकाच दिवशी मागून घ्या.

खासगी थेरपी
फी केंद्रागणिक बदलते. सत्राला ५०० रुपये धरले आणि आठवड्याला दोन सत्रं असली तर महिन्याचे सुमारे ४,००० रुपये, भाडं वेगळं. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा : थेरपिस्टची पदवी कोणती, तीन महिन्यांचं उद्दिष्ट काय, घरी काय करून घ्यायचं, मूल आजारी पडलं तर सत्राचे पैसे जातात का. सहा महिन्यांचं पॅकेज एकदम घेऊ नका.

दिव्यांग प्रमाणपत्र
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, वाचा व भाषेची अक्षमता त्यांत येतात. नुसती संवेदनांची अडचण त्यांत नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. लहान मुलांना अनेकदा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्याची मुदत संपण्याआधी फेरतपासणी करून घ्या.

निरामय विमा
ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ही योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं आणि ठरलेल्या मर्यादेत थेरपीचा खर्चही त्यात येतो. नोंदणी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० रुपये, इतरांना ५०० रुपये. पैसे आधी आपण भरायचे असतात आणि नंतर परत मागायचे असतात. म्हणून प्रत्येक बिल, पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी फाइलमध्ये लावा.

इथे पैसे घालू नका
ऑटिझम बरा करणारं स्टेम सेल इंजेक्शन किंवा हमखास गुणाचं औषध सिद्ध झालेलं नाही. महागड्या 'सेन्सरी किट'चीही घाई नको. परातीतली ज्वारी आणि घरचा झोका इथून सुरुवात करता येते. थेरपिस्टला विचारून आणि स्वतः शेजारी बसूनच खेळवा, कारण दाणे नाकातोंडात जाऊ शकतात.

थकलेल्या आईबापांसाठी टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे फोन करायला संकोच करू नका. पैसे थोडे असले तरी दर आठवड्याला न चुकता झालेलं एक सत्र आणि घरी रोज दिलेली पंधरा मिनिटं लेकराच्या जास्त कामी येतात. दर तीन महिन्यांनी वही उघडा, थेरपिस्टसोबत बसा आणि पुढचा खर्च तेव्हाच ठरवा.