युद्ध ओलांडून गेलेली पत्रे

मुलांनो, पत्रातून आपण एकमेकांची खुशाली विचारतो. शास्त्रज्ञ पत्रातून प्रश्नही विचारतात. अशाच काही पत्रांची ही हकीकत वाचा.

अल्बर्ट आइन्स्टाइन हे भौतिकशास्त्रज्ञ होते. सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे जवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश किंचित वाकतो, असे त्यांचे गणित सांगत होते. तसे असेल, तर तो तारा आपल्या जागेपासून थोडा सरकलेला दिसेल. पण हे पाहायचे कसे? १४ ऑक्टोबर १९१३ रोजी त्यांनी झुरिकहून अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल यांना पत्र लिहिले. पत्रात वाकलेल्या किरणाची आकृतीही काढली. ग्रहण नसताना सूर्याजवळचे तारे दिसतील का, असे त्यांनी विचारले. हेल यांनी कळवले, की भर उन्हात ते शक्य नाही. खग्रास सूर्यग्रहणातच पाहावे लागेल. सूर्यग्रहण म्हणजे तुमच्या उर्दूतले सूरज गहन.

ऑगस्ट १९१४ मध्ये असे ग्रहण होते. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रॉइंडलिख त्यासाठी रशियातील क्रिमियात गेले. इतक्यात पहिले महायुद्ध पेटले. रशियनांनी त्यांना कैद केले व उपकरणे जप्त केली. निरीक्षण राहून गेले.

१९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी बर्लिनमध्ये आपले गणित सुधारले. प्रकाश पूर्वीच्या हिशेबाच्या दुप्पट वाकतो, असे निघाले. पण जर्मनी आणि इंग्लंड तर एकमेकांचे शत्रू! मग हा विचार इंग्लंडला कसा पोहोचला? हॉलंड तटस्थ होते. तेथील खगोलशास्त्रज्ञ डी सिटर यांनी १९१६ मध्ये तो केंब्रिजच्या आर्थर एडिंग्टन यांना कळवला. शत्रूच्या देशातला म्हणून एडिंग्टन यांनी तो दूर सारला नाही.

२९ मे १९१९ च्या ग्रहणाच्या वेळी एडिंग्टन आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेटावर होते. दुसरी तुकडी ब्राझीलमधील सोब्राल येथे होती. छायाचित्रांत तारे सरकलेले आढळले. ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनमध्ये निकाल जाहीर झाला. आइन्स्टाइन यांचे नवे गणित खरे ठरले.

मुलांनो, एकाने विचारले, दुसऱ्याने उत्तर दिले, तिसऱ्याने निरोप पोहोचवला आणि चौथ्याने पडताळून पाहिले. ज्ञान असे हातोहात पुढे जाते. म्हणून प्रश्न विचारायला लाजू नका. उत्तर कोणाकडून आले हे पाहण्यापेक्षा ते खरे आहे का, हे पाहा.

शब्दार्थ : खग्रास – पूर्ण झाकलेला, तटस्थ – कोणाचीही बाजू न घेणारा, पडताळणे – खरे-खोटे तपासणे.