जाणणे आणि जाणण्याची पारख

साधकहो, आत्मपरीक्षणात आपण स्वतःला विचारतो, "हे मला खरेच ठाऊक आहे का?" ही पारख थोड्या प्रमाणात माकडांतही आढळते.

2017 मध्ये जपानी संशोधकांचा एक प्रयोग 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मकाक माकडांना काही चित्रे दाखवत. नंतर एक चित्र दाखवून ते आधी पाहिले होते का, हे विचारत. उत्तर दिल्यावर माकड पैज निवडत असे. मोठ्या पैजेत उत्तर बरोबर असेल तर भरपूर बक्षीस, चुकले तर काहीच नाही. छोट्या पैजेत थोडे, पण हमखास. उत्तर बरोबर असे तेव्हा माकडे मोठी पैज अधिक वेळा निवडत. आपल्या आठवणीवर किती विसंबावे, याचा त्यांना अंदाज होता.

मग मेंदूच्या पुढील भागातल्या ठरावीक जागा औषधाने काही काळ शांत केल्या. आठवण शाबूत राहिली, पण पैजेचा अंदाज बिघडला.

यातून आत्मा सिद्ध होत नाही. तसा दावा आपण करू नये. बोध मात्र घेता येतो. पाठांतर वाढले म्हणून पारख आपोआप वाढत नाही. पुष्कळ वाचलेला साधकही ठामपणे चुकू शकतो, आणि त्याच्या ठामपणामुळे इतरही चुकतात.

या आठवड्याचा अभ्यास: ठाम बोलण्यापूर्वी क्षणभर थांबा. मनाला विचारा, "यावर मी मोठी पैज लावीन का?" रात्री वहीत लिहा, कोणती खात्री खरी ठरली आणि कोणती नाही.